पिशवी पालथी करून बघ

"पालथी कर बरं," असं ते म्हणायचे आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याच्या हातातली पिशवी स्वतःच पालथी करायचे.

रस्त्यात, देवळाच्या पायरीवर, दवाखान्याच्या बाकावर, जागेचं बंधन नव्हतं. पिशवीचे खालचे दोन कोपरे चिमटीत धरून एक झटका द्यायचे आणि काय काय पडतं ते कान देऊन ऐकायचे. शेवगावात आमच्या गल्लीत ज्यांनी काही वर्षं काढली आहेत, त्यांना हा अनुभव एकदा तरी आलेला आहे. मला तो बसस्टँडच्या दारात आला. माझ्या पिशवीतून कढीपत्ता, मोबाईलचा चार्जर, अर्धा बिस्किटपुडा आणि हरवला म्हणून घरात जाहीर केलेला चष्मा पडला. ते लगेच उकिडवे बसले आणि एकेक वस्तू फुंकून परत भरू लागले. मी वाकलो, तर त्यांनी हात आडवा घातला.

"पाडलं मी. उचलनार बी मीच."

सगळं भरून झाल्यावर पिशवी माझ्या हातात दिली आणि तिच्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. टक, टक. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, तसं. त्यानंतर माणसानं निघायचं असे.

ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. गल्ली त्यांना कंडक्टरकाका म्हणे. खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा काकांनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. साड्या काकूंच्या, मशीन काकूंचं, कात्रीही काकूंची. "माझं फक्त डोकं," काका सांगत. "त्येच न्हाई म्हनून तर ह्ये चाललंय," काकू आतून सांगत.

पिशवी शिवण्यात काकांना फारसा रस नव्हता. तेवढं काम ते चहा निवायच्या आत उरकत. त्यांचा खरा विषय होता पिशवीचं तोंड. ते बंद कसं करायचं, कशानं करायचं आणि केलेलं बंद राहील याची खात्री कशी करायची, यात त्यांचा दिवस जाई.

याचं मूळ तिळात आहे. ती हकिगत मी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरकडून ऐकली. काका स्वतः सांगत तेव्हा तिळांची पिशवी दर खेपेला मोठी होत जाई, म्हणून ड्रायव्हरचंच म्हणणं ग्राह्य धरतो. संक्रांतीच्या तोंडावर पाथर्डीच्या गाडीत एका म्हातारीची पिशवी कलंडली आणि तीळ गाडीभर झाले. ब्रेक लागला की तीळ पुढं, गाडीनं वेग घेतला की तीळ मागं. काकांनी घंटी मारून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, प्रवाशांना पाय वर घ्यायला सांगितले आणि तीळ वेचायला बसले.

"ओ कंडक्टर, आता लाडू बी हितंच वळनार का?" ड्रायव्हर ओरडला.

"गूळ हाय का कुनाकडं?" काकांनी बसल्या जागेवरून विचारलं. मागच्या सीटवरून एकानं खरंच हात वर केला.

म्हातारीला तीळ परत मिळाले. त्यात थोडी वाळू होती आणि एक फाटकं तिकीट. पिशवी छातीशी धरून ती म्हणाली, "ल्येकरा, तोंड बांधायचंच इसरले रं मी." गाडीतल्या बाकीच्यांना ते त्याच दिवशी विसरायला झालं. काकांनी ते वाक्य निवृत्तीपर्यंत जपलं आणि मग कामाला लावलं.

आधी चेनचा काळ आला. शेजारच्या गुरुजींना त्यांनी डब्याची पिशवी करून दिली. तोंडाला चेन, चेनवर कापडाची पट्टी, पट्टीला हूक. गुरुजी सकाळी डबा घेऊन शाळेत गेले आणि संध्याकाळी तसाच घेऊन आले. मधल्या सुट्टीत अर्धी शाळा त्या पिशवीभोवती उभी होती, असं म्हणतात.

"गुरुजी, भाजी सांडली का?" काकांनी अंगणातूनच विचारलं.

"नाही."

"मग?"

"खाल्लीही नाही."

"ती वेगळी तक्रार," काका म्हणाले आणि पिशवीवर दोनदा ठोकलं.

चेननंतर वेलक्रो आला. ती चिकटपट्टी काकांना फार आवडली, कारण ती आपली आपण मिटते. पहिला मान त्यांनी काकूंच्या बाजाराच्या पिशवीला दिला, दुसरा गुरुजींच्या. दुसऱ्या दिवशी काकू नात्यातल्या एका दशक्रियेला गेल्या. घाटावर महाराजांचं प्रवचन रंगात आलं होतं. माणूस जाताना सगळं इथंच ठेवून जातो, असं म्हणून महाराज दोन क्षण थांबले. नेमका तेव्हाच काकूंना रुमाल हवा झाला.

चर्रर्र.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंना आपलंच लुगडं फाटलं असं वाटून त्यांनी मागं हात नेऊन चाचपून पाहिलं. महाराजांनी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात पिशवी आपली आपण मिटली होती आणि तिच्या आत काकूंचा मोबाईल वाजू लागला. चर्रर्र. मोबाईल बंद करून आत ठेवला. पट्टी मिटली. आता चष्मा आत राहिला. चर्रर्र.

महाराजांनी प्रवचन आवरतं घेतलं. कावळा लगेच शिवला. मयताच्या घरच्यांनी नंतर काकूंचे आभार मानले, असंही ऐकलं. ते मात्र मला पडताळून पाहता आलं नाही.

घरी येताच काकूंनी ब्लेडनं पट्टी उसवली.

"आजपासनं माझ्या पिशवीला हात लावायचा न्हाई. तिचं तोंड उघडंच ऱ्हानार."

"सांडंल."

"सांडू द्या."

तेव्हापासून त्या घरात सगळं बंद असे. चपलांच्या पिशवीला नाडी, रिमोटच्या पिशवीला काजबटण, लसणाच्या पिशवीला हूक. उघडी राहिली ती एकटी काकूंची बाजाराची पिशवी.

आठवडी बाजारात ही जोडी तुम्ही पाहिली असेल. पुढं काकू, थोडं अंतर ठेवून मागं काका, नजर रस्त्यावर. काकूंच्या पिशवीतून काही ना काही पडेच, आणि बहुतेक वेळा ते लिंबू असे. लिंबू पडलं की काकू थांबत. वळत मात्र नसत. नुसता हात मागं करत. काका लिंबू शर्टाला पुसून त्या हातावर ठेवत.

"एक टिचबटण असतं ना, तर..."

"पुढं बघा, म्हस येती हाय."

काकांना आयुष्यात उरलेलं एकच काम करायचं होतं आणि ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकूंच्या पिशवीला एक बटण लावायचं. चेन नको, पट्टी नको. नुसतं टिचबटण, वाटीत वाटी दाबली की टिच् वाजून बसणारं. त्यासाठी एक पितळी बटण त्यांनी काड्यापेटीत वेगळं काढून ठेवलं होतं आणि ती काड्यापेटी शर्टाच्या खिशात असे. काका बिडी ओढत नसत. चुलीसाठी कुणी काडी मागितली की ते पेटी उघडून बटण दाखवत आणि परत ठेवत.

अशात नातीचं लग्न ठरलं. नात शिर्डीला एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. मुलगा खर्ड्याकडचा, क्रिकेट खेळणारा. ती सुट्टीला आली, मशीनशेजारी बसली आणि म्हणाली, "आबा, अक्षता कागदाच्या पुडीत नकोत. आज्जीच्या साड्यांच्या इवल्या इवल्या पिशव्या शिवा. लोक आठवण म्हणून घरी नेतील. फक्त सोप्या शिवा हं."

"सोप्याच गं."

आतून काकू बाहेर आल्या. "अक्षता टाकायच्या असत्यात. कडी लावून ठेवायच्या नसत्यात. आधीच सांगून ठेवते."

"आन समदं नीट पार पडलं तर?"

काकूंनी काकांच्या खिशाकडं पाहिलं. "तर लावा माझ्या पिशवीला तुमचं त्ये बटन. एकच."

"आन न्हाई पडलं तर?"

"तर ह्या घरात परत बटनाचं नाव काढायचं न्हाई."

नात साक्षीला होती. मी वर्तमानपत्र परत मागायला गेलो होतो, म्हणून मीही साक्षीदार धरला गेलो.

पहिला नमुना खरोखर सोपा होता. तळहाताएवढी पिशवी, तोंडाला एक टिचबटण. काकांनी तांदूळ भरले, बटण दाबलं आणि पिशवी पालथी करून झटका दिला. बटणाच्या दोन्ही बाजूंनी चार दाणे पडले.

त्या चार दाण्यांकडं ते बराच वेळ बघत होते. तुम्ही-आम्ही तिथंच थांबलो असतो. लग्नात तांदूळ सांडायचेच असतात. पण काकांनी बटण काढून नाडी ओवली. नाडी सैल पडली, म्हणून तिला गाठ मारली. ती गाठ साधी नव्हती. एसटीच्या टपावर सामान बांधायची त्यांची जुनी गाठ होती. ओढली की आवळते. सोडायची तर दोरी मागं ढकलावी लागते. टपावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यापासून नवरीच्या कपाटापर्यंत सगळं याच गाठीनं पोचवलं होतं, असं ते सांगत.

"काका, लोकांना जमेल का?" मी विचारलं.

"तू करून बघ. वढू नको. मागं ढकल."

मी मागं ढकलली. सुटली.

"बघ. तुला आलं म्हंजी कुनालाबी येईल. लग्नात माईकवर सांगतो की."

काकांची सगळी भिस्त माईकवर होती. आपल्याकडच्या लग्नात माईक कुणाच्या हातात असतो, हे तुम्हाला सांगायला नको. मांडव भरला होता. दारातच प्रत्येकाच्या हातावर पिशवी पडत होती आणि बायका "अगं बाई, साडीची हाय!" म्हणत ती एकमेकींना दाखवत होत्या. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आपली उघडी पिशवी मांडीवर घेऊन. काका माईकशेजारी उभे होते. माईकवर कारखान्याचे माजी संचालक, बाजार समितीचे आजी सभापती आणि दूध संघाचे भावी उमेदवार यांचं स्वागत चालू होतं.

"मला गाठीबद्दल दोन शब्द बोलायचंय," काका म्हणाले.

"थांबा काका, अजून सोसायटीचे चेअरमन राहिलेत."

चेअरमन झाले, व्हाईस चेअरमन झाले, आणि मुहूर्ताची वेळ आली. भटजींनी माईक काढून घेतला.

पहिलं मंगलाष्टक संपलं. "सावधान!"

काहीच पडलं नाही. मांडवात फक्त दातांनी दोरी ओढल्याचे आवाज येत होते. भटजींनी मान वर करून छताकडं पाहिलं. त्यांना वाटलं लोकांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी आणखी मोठ्यानं "सावधान" म्हटलं. लोकांनी आणखी जोरात दोरी ओढली. गाठी आणखी आवळल्या.

काका मधल्या वाटेत धावले. "वढू नका! मागं ढकला! मागं ढकला!" मागच्या रांगांनी बिचाऱ्यांनी खुर्च्या मागं ढकलल्या.

दुसऱ्या मंगलाष्टकाला खर्ड्याकडच्या एका पैलवानाचा धीर सुटला. त्यानं पिशवी तशीच फेकली. ती अंतरपाटावर बसली. धप्प. तो आवाज लोकांना पटला. इतका वेळ जे अडलं होतं, ते एकदम सोपं झालं. तिसऱ्या "सावधान"ला मांडवाच्या चारी बाजूंनी बंद पिशव्या सुटल्या.

एक भटजींच्या कानाला लागली. एक व्हिडिओवाल्याच्या लाईटवर बसली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो घाईघाईनं छत्रीसारखा डोक्यावर घेतला आणि नवरा-नवरीनं वेळेआधीच एकमेकांना पाहिलं. नवरी हसत सुटली होती. तिच्या मुंडावळ्यांकडं येणारी एक पिशवी नवरदेवानं एका हातानं वरच्यावर झेलली. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी कान धरून एका दमात म्हटली.

वाजंत्री सुरू व्हायच्या आधी थोडी शांतता असते. त्या शांततेत वरमाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"आमच्याकडं अक्षता टाकत्यात बाई. मारत न्हाईत."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकू समोर बघत होत्या. काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि मांडवातून बाहेर पडले.

ते पाण्याच्या टँकरमागं सापडले. एका पिशवीची गाठ मागं ढकलून सोडत होते, परत मारत होते, परत सोडत होते.

"सोपी हाय की रं," ते मला म्हणाले. "हाय का न्हाई?"

मी सोपी आहे म्हणालो. त्यांनी खिशातली काड्यापेटी काढली आणि टँकरच्या चाकावर ठेवून दिली. "आता हिचं काय काम," असं म्हणून बसून राहिले.

तेवढ्यात शालू सावरत नात आली. मागून परात घेऊन नवरदेव. परातीत गोळा केलेल्या पिशव्या होत्या.

"आबा, उठा. मांडवात येऊन बघा."

"काय बघू? लोक हसत्यात."

"खाली बघा. सतरंजीवर. एक दाणा नाही."

काका उठले. "येक बी न्हाई?"

"झाडायला बायका आल्या होत्या, त्या परत गेल्या," नवरदेव म्हणाला.

काकांनी काड्यापेटी उचलून परत खिशात टाकली. मांडवात जाऊन त्यांनी सतरंजीचे कोपरे उचलून पाहिले, स्टेजखाली वाकून पाहिलं, परातीतली पिशवी घेऊन पालथी केली आणि झटका दिला. मग थेट जेवणाच्या पंगतीत काकूंसमोर जाऊन उभे राहिले.

"येक दाना सांडला न्हाई. म्हंजी मी जितलो."

काकूंनी जिलेबीचा तुकडा मोडला. "येक दाना पडला न्हाई. म्हंजी तुमी हरला."

दोन्ही बाजूंना वस्तुस्थिती मान्य होती. वाद फक्त निकालाचा होता आणि तो पुढं चालूच राहिला. गल्लीत दोन तट पडले. गुरुजी डब्याचं स्मरून काकूंच्या बाजूला गेले. मध्येच खर्ड्याहून वरमाईंचा फोन आला. त्यांनी लग्नातल्या एका पिशवीत भोपळ्याचं बी भरून आढ्याला टांगलं होतं, आणि रात्रभर खटपट करून उंदराला ती सुटली नव्हती. आणखी पाच-सहा पाठवा म्हणाल्या.

"उंदरानं वढली असनार," काका आनंदानं म्हणाले. "वढली की आवळती! आता तरी लावू का बटन?"

"लावा की. उंदराच्या पिशवीला."

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी चहाला उठले नाहीत. दशक्रियेला घाटावर सगळी गल्ली होती आणि जवळपास सगळ्यांच्या हातात त्यांनीच शिवलेल्या पिशव्या होत्या. महाराज तेच होते. बोलता बोलता ते एका ठिकाणी थांबले आणि गुरुजींनी डोळे पुसायला रुमाल काढला.

चर्रर्र.

काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले, तशी शेजारच्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की काकू हसतायत. महाराजांनाही हसू आवरेना. गुरुजी ओशाळून पिशवी बंद करायला गेले आणि ती परत वाजली.

परवाच्या बाजारात मी मेथीची जुडी बघत उभा होतो. पुढून काकू चालल्या होत्या, एकट्याच. पिशवीतून एक लिंबू पडलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं. काकू थांबल्या. वळल्या नाहीत. हात मागं केला.

मी लिंबू शर्टाला पुसून त्या हातावर ठेवलं. मूठ मिटली. मग त्या वळल्या.

"तू व्हय?"

मी हो म्हणालो. त्यांच्या पिशवीच्या तोंडाला, बरोबर मध्यावर, एक पितळी टिचबटण होतं. टाके नीट घातलेले होते. दोन वाट्या दोन बाजूंना, उघड्या.

"काकू, बटण?"

"काड्यापेटीत हुतं. मीच लावलं."

"मग दाबत का नाही?"

"दाबलं की त्यांचं खरं हुतंय," काकू म्हणाल्या. "येवढ्यात कशाला?"

त्यांनी लिंबू पिशवीत टाकलं, पिशवीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं आणि चालू लागल्या. कांद्याच्या ढिगापाशी दुसरं लिंबू पडलं. काकू थांबल्या आणि हात मागं केला.